पिकले पान आणि पिकले फळ

धर्मजीवनात प्रौढ कोणास म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. व्यवहारातले मोठेपण मोजण्यास वय आहे, पदवी आहे, मिळकत आहे. ही मापे कितीही खोटी असली तरी ती सर्वांस ठाऊक असतात. आत्म्याचे वय मोजण्यास मात्र असे कोणतेच माप नाही. आणि ते नाही म्हणूनच की काय, प्रत्येक पंथाने आपापल्या सोयीचे गज तयार करून ठेवले आहेत. ख्रिस्ती मंडळ्याही ह्या नियमास अपवाद नाहीत. मंडळीत कोणी किती वर्षे काढली, प्रार्थनेत कोणास किती भरून येते, आणि मतसार कोणास किती चोख पाठ असून वडिलांपुढे तो किती सहज मान तुकवतो, ह्या तीन गजांनी तेथे माणसाची आध्यात्मिक उंची मोजली जाते. हे तीनही गज खोटे आहेत असे आमचे म्हणणे आहे. ते खोटे ठरविण्यास बाहेरच्या टीकाकाराची गरज नाही. ख्रिस्ती शास्त्र आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती चरित्रे, हे दोन घरचेच साक्षीदार त्यास पुरेसे आहेत.

हा वाद ख्रिस्ती वाचकांपुरताच आहे असे कोणी समजू नये. पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही तीन नावे मराठी वाचणाऱ्या प्रत्येक घराची आहेत. शिवाय ज्या गजांविषयी आम्ही बोलत आहोत ते आमच्या भजनी मंडळांत आणि मठांतही वापरात नाहीत असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आणि ह्यात केवळ शब्दांचा खल आहे असेही नाही. गज खोटा असला की त्याचे दोन परिणाम होतात. जो खरोखर वाढला आहे तो उद्धट ठरतो. आणि ज्याची वाढ खुंटली आहे त्याच्या हाती इतरांच्या विवेकबुद्धीवर हुकमत येते. त्या हुकमतीचा भार मग पडतो तो नवख्यांवर, बायकांवर आणि आश्रितांवर.

पहिला गज वर्षांचा. हा खोडून काढण्यास फार शब्द नकोत. पान पिकते आणि फळही पिकते. पण पिकणे ह्या एकाच शब्दाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी होत असतात. पान पिकते म्हणजे त्यातला रस आटतो आणि ते गळते. फळ पिकते म्हणजे त्यात रस भरतो आणि ते दुसऱ्याच्या तोंडी पडण्याजोगे होते. वर्षे दोघांसही सारखीच लागतात. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता आपल्या वाचकांस हाच टोमणा मारतो. तुम्ही एव्हाना दुसऱ्यांस शिकवावयाचे, ते अजून दुधावरच आहात, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. जड अन्न पचविणारे प्रौढ कोण, तर ज्यांची बरेवाईट पारखण्याची शक्ती सरावाने तयार झाली आहे ते, असे तो पुढे सांगतो. येथे सराव हा शब्द ध्यानात धरण्याजोगा आहे. नुसता काळ जाणे म्हणजे सराव नव्हे. तीस वर्षे तालमीच्या ओट्यावर बसून काढल्याने कोणी पहिलवान होत नाही.

मूळ ग्रीक भाषेत ह्या प्रौढत्वासाठी जो शब्द योजिला आहे तो 'तेलेइओस'. आपल्या उद्देशास जाऊन पोचलेला, पूर्ण वाढलेला, असा त्याचा अर्थ. म्हणून भाषांतरांत त्यासाठी कोठे 'पूर्ण' तर कोठे 'प्रौढ' असे शब्द येतात. हा शब्द कोणत्या ठिकाणी येतो हे पाहिले तर पुष्कळ उलगडा होतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी येशू आपल्या शिष्यांस पूर्ण होण्यास सांगतो. आता हे पूर्णत्व कशातले? त्याच्या आधीच्या ओळींत उपासतापास नाहीत, साक्षात्कार नाहीत, मतांची शुद्धताही नाही. तेथे विषय चालला आहे तो वैऱ्यावर प्रेम करण्याचा. चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच उगवणारा सूर्य आणि सारखाच पडणारा पाऊस, हा तेथला नमुना आहे. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांवर तर जकातदारही प्रेम करतात, मग तुमचे विशेष ते काय, असा तेथला सवाल आहे. म्हणजे ख्रिस्ताच्या मुखी पूर्णत्वाचे जे माप आले ते एकच: तुमच्या मायेचे कुंपण कोठे संपते? दुसरे स्थळ फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले. तेथे पौल आपण अजून पूर्ण झालो नाही असे स्वच्छ कबूल करतो आणि लगेच पुढे, आपल्यांत जे प्रौढ असतील त्यांनी हीच वृत्ती ठेवावी, असे सांगतो. आपण पोचलो नाही हे ज्यास कळते तोच पोचलेला! ज्या मंडळीत आपल्या प्रौढत्वाची घोषणा ऐकू येते, तेथे ते नाही असे समजण्यास एवढा आधार पुरे.

दुसरा गज भावनेच्या उष्णतेचा. ह्याची मोहिनी आज फार मोठी आहे. ध्वनिक्षेपकांच्या गर्जनेत चालणाऱ्या सभा, डोळ्यांतले अश्रू, अन्य भाषांत निघणारे उद्गार, आणि ह्यांपैकी काही ज्यास होत नाही त्याच्याकडे पाहण्याची ती दयार्द्र नजर! भावना खोटी असते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याचे हृदय कधी हललेच नाही त्याने प्रौढत्वाच्या गोष्टी न बोललेल्या बऱ्या. परंतु करिंथच्या मंडळीचा दाखला डोळ्यांआड करता येत नाही. अन्य भाषा, भविष्यवाणी, ज्ञान, कशाचीच तेथे वाण नव्हती. आणि नेमक्या त्याच मंडळीस पौलाने तान्ही बाळे म्हटले. का? तर तेथे हेवा होता, तट होते, आणि प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत पोटभर जेवत असता गरीब उपाशी राहत होते. त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे जे सुप्रसिद्ध वर्णन आहे ते आपण लग्नसमारंभात वाचण्याचा उतारा करून टाकले आहे. वास्तविक ते ह्या भांडखोर व भावनाप्रधान मंडळीस दिलेले औषध होते.

आमच्याकडचा दाखला केडगावच्या मुक्तिसदनाचा. १९०५ च्या जून महिन्यात तेथे मोठी धर्मजागृती झाली. मुली रात्ररात्र प्रार्थना करीत, पापे कबूल करीत, रडत. पुढे अन्य भाषांचे प्रकारही तेथे दिसले. अमेरिकेत लॉस एंजिलीस येथील प्रसिद्ध जागृती १९०६ सालची. म्हणजे केडगाव तिच्याही आधीचे, आणि म्हणून त्या चळवळीच्या जागतिक इतिहासात केडगावचे नाव आदराने घेतले जाते. ते घ्यावे. पण सन नीट मांडून पाहावेत. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात हिंडून उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या, तेव्हा ह्या जागृतीस अजून आठनऊ वर्षे अवकाश होता. १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या आसपास जीव मुक्तिसदनाच्या आश्रयास होते, तेव्हाही ती झाली नव्हती. आणि ती ओसरल्यावर काय उरले? अंध मुलींस शिकविणे उरले, पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस घरात घेणे उरले, शेत, विहीर, छापखाना उरला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा उतारवयात शिकून सगळे बायबल साध्या बायकांस कळेल अशा मराठीत उतरविण्याचे ते वर्षानुवर्षांचे काम उरले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या त्या हे काम हातावेगळे करून. जागृती ही पावसाची सर होय. तिने जमीन भिजते हे खरे. पण नांगरट आधी झालेली असावी लागते आणि खुरपणी मागाहून करावीच लागते.

आता तिसरा गज, मतशुद्धतेचा आणि आज्ञाधारकपणाचा. आम्हांस सर्वांत घातक वाटतो तो हाच. कारण तो दिसण्यात सर्वांत सात्त्विक आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. ह्या दोघींचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. प्रौढत्व ह्या विषयावर इतके बोलके पुस्तक आमच्या पाहण्यात दुसरे नाही. रमाबाई प्रश्न विचारतात. त्रैक्याचे मत आपणास जसेच्या तसे पटत नाही असे सांगतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशास, संस्कृत का नकोत, असे विचारतात. आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या धर्मात, एखाद्या पंथात नव्हे, असे बजावतात. चेल्टनम येथे पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. जी बाई स्वदेशात पंडितांच्या सभा गाजवून आली होती तिला ही हरकत किती विचित्र वाटली असेल! आणि ह्या सर्वांवर धर्ममातेचे निदान काय? तर अहंकार, हट्ट आणि नव्या विश्वासातला कच्चेपणा.

आमचा प्रश्न असा की, ह्या पत्रव्यवहारात प्रौढ कोण दिसते? एका बाजूस परंपरेचे सर्व बळ आहे. आणि आपल्या हाती आलेला जीव आपल्या साच्यात बसत नाही म्हणून झालेली घालमेल आहे. दुसऱ्या बाजूस पंचविशीतली विधवा, परक्या देशात, परक्या अन्नावर, पदरी लहान मुलगी. पुरोहितवर्गाचे एक जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढल्यावर आता दुसरे जू आपण घेणार नाही, असे ती लिहिते. आणि हे लिहितानाही ती त्या धर्ममातेस 'आजीबाई' म्हणूनच संबोधते. नकार आहे, पण तुसडेपणा नाही. मतभेद आहे, पण नाते तुटलेले नाही. ज्यास आज्ञा पाळता येते तो लहान मूलही असू शकतो. आदर राखून नकार देता येणे ही मात्र प्रौढाचीच खूण होय.

येथे असा आक्षेप येईल की, पुढे रमाबाईंनी स्वतःच पुष्कळ गोष्टी मान्य केल्या. तेव्हा सिस्टर जेराल्डीन ह्यांचेच खरे ठरले नाही काय? आमचे उत्तर असे की, अगदी नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आले की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. आणि हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात निर्भयपणे लिहून ठेवले. विचार करावा, की आठ वर्षांपूर्वी धर्ममातेच्या समाधानासाठी त्यांनी सर्व मतांस होकार दिला असता तर काय झाले असते? आपणापाशी काही उणे आहे हे त्यांस कधी कळलेच नसते. उसना घेतलेला विश्वास खऱ्या विश्वासाची जागा अडवून बसतो. प्रश्न विचारणारा मनुष्य निदान ती जागा मोकळी ठेवतो. म्हणून संशय हा कच्चेपणा आणि होकार हा पक्केपणा, हे समीकरण आम्हांस मुळीच मान्य नाही. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये. इंग्लंडात ज्या रमाबाई पुरेशा ख्रिस्ती नाहीत असे म्हटले गेले, त्याच फाजील ख्रिस्ती आहेत म्हणून १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी शारदासदनाशी संबंध तोडला. दोन्हींकडचे गज ज्यास आपल्यापेक्षा आखूड ठरवितात, तो कित्येकदा दोहोंपेक्षा उंच असतो.

रेव्हरंड टिळकांची गोष्टही ह्याच धाटणीची. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुष्कळ वर्षे अमेरिकन मराठी मिशनची चाकरी केली. १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ती पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथे एकत्र असावेत, अशी त्यांची कल्पना. तुकोबांच्या अभंगांनी आपणास ख्रिस्तापर्यंत आणून पोचविले असे सांगणाऱ्या पुरुषास हेच शोभत होते. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की, वारस अज्ञान असेतोपर्यंत पालकांच्या हाताखाली राहतो, आणि मुदत भरली की मोकळा होतो. मग जो पालक ती मुदत कधी भरूच देत नाही, त्याने वारसाच्या बालिशपणाबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करावी? परदेशी मिशनांचा तो काळ आता गेला. मंडळ्यांचा कारभार केव्हाच देशी हातांत आला. पण पालकी गेली म्हणून पालकपणाची हौस गेली असे नाही. ती आता आपल्याच माणसांच्या अंगी दिसते, एवढाच फरक.

मग काय, जो तो आपल्या मनास येईल तसे वागेल आणि त्यास प्रौढत्व म्हणावयाचे? हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यास आडवळणाने उत्तर देणे योग्य नव्हे. स्वच्छंदी मनुष्य आणि प्रौढ मनुष्य ह्यांत भेद आहे, आणि तो ओळखण्याची रीतही आहे. स्वातंत्र्य घेतल्यावर त्याचा खर्च कोणाच्या माथी पडला, हे पाहावे. स्वच्छंदी मनुष्याच्या स्वातंत्र्याचे मोल इतर लोक भरतात. प्रौढाच्या स्वातंत्र्याचे मोल तो स्वतः भरतो. रमाबाईंनी एक जू नाकारले आणि शेकडो अनाथांचे जू आपण होऊन मानेवर घेतले. टिळकांनी चाकरी सोडली ती अधिक सोयीची जागा पाहून नव्हे.

ह्या कसोटीस टिळक तरी पुरते उतरतात काय, असे 'स्मृतिचित्रे' वाचलेले वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. टिळकांच्या धर्मांतराचे मोल लक्ष्मीबाईंनी चारपाच वर्षांच्या ताटातुटीने भरले, आणि त्यांच्या तापट व उधळ्या स्वभावाचे मोल त्या जन्मभर भरीत होत्या. हे लपविण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच ते लपविले नाही. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले ते पुस्तक वाचताना प्रौढत्वाचा एक निराळाच नमुना दिसू लागतो. ह्या बाईंस शाळा ठाऊक नाही, मतसार ठाऊक नाही, रात्रीत पालटून टाकणारा साक्षात्कारही नाही. सोवळेओवळे एकदम सुटत नाही. भीत भीत, पायरीपायरीने सुटते. आधी मनातून जातिभेद गेला, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. क्रम लक्षात घ्यावा. देवाच्या लेकरांत उच्चनीच नाही हे ज्यास आतून पटले, त्याच्या मायेचे कुंपण तेवढ्याने मोडले. पाणी मागाहून शिंपडले गेले. उलट, पिढ्यान् पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घरांतून सोयरीक जमविताना अजून पूर्वीची जात विचारली जाते, ही गोष्ट ख्रिस्ती समाजातील विचारी माणसांनीच वारंवार बोलून दाखविली आहे. पहिल्या माणसास नवखे आणि दुसऱ्यास पक्का ख्रिस्ती म्हणणारा गज मोडून चुलीत घालण्याच्याच लायकीचा नव्हे काय?

लक्ष्मीबाईंचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. नवऱ्याचे दोष त्या सांगतात, पण सूड म्हणून नव्हे; स्वतःची फजिती सांगतात, पण कौतुक करून घेण्यासाठी नव्हे. आणि ज्या नवऱ्यावर त्या पानोपानी हसतात, त्याच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्यासाठी उतारवयात लेखणी घेऊन बसतात. हसणे आणि भक्ती ह्यांत त्यांस विरोध दिसत नाही. अपक्व धार्मिकतेस विनोद सोसत नाही, कारण तिला सदैव आपली प्रतिष्ठा सांभाळावयाची असते.

शेवटचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेवा एवढेच प्रौढत्वाचे माप, मग प्रार्थनेची आणि देवाची उठाठेव कशास, असा निष्कर्ष आजचा सुशिक्षित वाचक काढील. तो आमच्या पदरी बांधू नये. सर्वस्व वाटून टाकले आणि देह अग्नीत दिला तरी प्रीतीवाचून ते व्यर्थ, असे पौलाने त्याच करिंथकरांस सांगितले आहे. सेवेचाही अहंकार असतो, आणि तो सर्व अहंकारांत चिवट. रमाबाईंची प्रार्थना काढून घेतली तर त्यांचे केडगाव उरत नाही. उरते ते एक अनाथालय, आणि तेही फार दिवस चालले असते असे वाटत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, प्रार्थना खरी की खोटी हे प्रार्थनेच्या आवाजावरून कळत नसते.

तेव्हा मंडळ्यांनी वडील निवडताना, आणि आईबापांनी मुलांपुढे थोर पुरुषांची उदाहरणे ठेवताना, हे तीन जुने गज बाजूस ठेवावेत. हा मनुष्य मंडळीत किती वर्षे आहे हे विचारण्यापेक्षा, त्या वर्षांत त्याच्या मायेचे कुंपण किती मागे सरले हे विचारावे. त्यास किती भरून येते हे पाहण्यापेक्षा, ते ओसरल्यावर सकाळी तो कोणाचे ओझे उचलतो हे पाहावे. तो किती मान तुकवतो ह्यापेक्षा, आपल्याहून दुबळ्या माणसाने दिलेला नकार त्यास सोसतो की नाही, हे पाहावे. ही शेवटची परीक्षा सर्वांत कठीण आहे. आणि ती शिष्याची नसून गुरूची, आश्रिताची नसून पालकाची आहे. वाँटेजच्या त्या पत्रांत परीक्षा चालली आहे ती रमाबाईंची, असे लिहिणाऱ्यांस वाटत होते. आज ती पत्रे वाचणारास कळून चुकते की परीक्षा दुसऱ्याच कोणाची चालली होती.